लस पुढे ढकलून त्रास टळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लोकमान्यनगरातील एका आजोबांचं पत्र आपण नुकतंच छापलं. दीड महिन्याच्या नातवाला अंगणवाडीत सुया टोचल्या, त्या रात्री पोर तीन तासांवर किंचाळत होतं, मांडी लाल होऊन टणक झाली, अंग तापलं. दुसऱ्या दिवशी विचारायला गेले तर उत्तर मिळालं, 'कुछ नहीं होता, दादाजी'. यावरून त्यांनी सुचवलं आहे की मूल अंग धरेपर्यंत, निदान दोन वर्षांचं होईपर्यंत, लसी थांबवाव्यात. आम्ही मुलांचे डॉक्टर, लस टोचणाऱ्या परिचारिका आणि लसींचा साठा सांभाळणारे काहीजण मिळून हे पत्र लिहीत आहोत. आजोबांची तक्रार अगदी रास्त आहे. उपाय मात्र उलटा बसणारा आहे.

'काही होत नाही' हे उत्तर मुळात खोटं आहे. होतं, आणि काय होतं ते आधी सांगायला हवं. पेंटाच्या एका सुईत पाच रोगांच्या लसी असतात: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी आणि हिब (मेंदूज्वर व न्यूमोनिया करणारा एक जंतू). सरकारी पेंटात डांग्या खोकल्याचा भाग मारलेल्या अख्ख्या जंतूंचा असतो. ताप, सूज, रडणं हे बहुतांशी त्याच्यामुळे. जवळपास निम्म्या बाळांना ताप येतो किंवा मांडी दुखते. शंभरात एक ते तीन बाळं सलग तीन तासांहून जास्त रडतात. आजोबांचा नातू त्यांतला. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या पाहणीत अख्ख्या जंतूंच्या लसीच्या साधारण १७५० डोसांमागे एका बाळाला आकडी आली होती. आणि तितक्याच डोसांमागे एक बाळ अचानक सैल पडलं होतं: पांढरंफटक किंवा निळसर दिसणारं, चिमटा काढला तरी दाद न देणारं. हा प्रकार बहुधा पहिल्या बारा तासांत होतो, काही मिनिटांत किंवा काही तासांत आपोआप ओसरतो आणि मागे कायमची इजा ठेवत नाही. पण ज्या आईला हे कोणी सांगितलेलं नाही, तिच्या मांडीवर बाळ असं पडलं तर तिने पुढचा डोस घ्यावा ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

प्रत्येक लसीच्या त्रासाचं स्वतःचं वेळापत्रक असतं आणि ते माहीत असलं की निम्मी भीती जाते. पेंटाचा ताप सहा-आठ तासांत चढतो आणि ४८ तासांत उतरतो. तिसऱ्या दिवशीही ताप असेल, किंवा बाळ पिणं सोडून मलूल पडलं असेल, तर लसीला दोष देऊन घरी बसू नये. दुसरं काहीतरी आहे, डॉक्टरकडे न्यावं. सूज उतरल्यावर मांडीत हरभऱ्याएवढी न दुखणारी गाठ काही आठवडे राहते. ती लसीतल्या ॲल्युमिनियमच्या क्षारामुळे. तिला हात लावू नये. तीच गाठ चार-पाच दिवसांनी मोठी, गरम आणि दाबल्यावर आत पाणी असल्यासारखी लागली तर मात्र पू झाला आहे.

गोवर-रुबेलाचं घड्याळ अगदी वेगळं. ही जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूंची लस. विषाणू शरीरात वाढायला वेळ घेतो, म्हणून ताप आणि बारीक लाल पुरळ पाचव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान येतात. शंभरात पाच ते पंधरा मुलांना ताप येतो. तेव्हा आई म्हणते, लस टोचून आठवडा उलटला, आता कसला ताप? आणि भलतीच अँटिबायोटिक सुरू होते. याउलट नवव्या महिन्याचा डोस दिल्याच्या त्याच रात्री ताप आला तर तो गोवराच्या लसीचा नव्हे; त्याच दिवशी दिलेल्या न्यूमोकॉकलच्या (न्यूमोनियाच्या एका जंतूविरुद्धच्या लसीच्या) बूस्टरचा असण्याची शक्यता जास्त. तापाबरोबर येणारी आकडी गोवराच्या लसीनंतर तीन-चार हजार मुलांत एकाला येते, तीही याच दुसऱ्या आठवड्यात. रक्तातल्या प्लेटलेट तात्पुरत्या घटून अंगावर जांभळे ठिपके उठणं हे तीस-चाळीस हजारांत एकाला.

बीसीजीचं, म्हणजे टीबीच्या लसीचं, घड्याळ सगळ्यांत संथ. डाव्या दंडावर दोन ते चार आठवड्यांनी पुळी उठते, ती फुटते, चिघळते, खपली धरते आणि साधारण तीन महिन्यांत वण उरतो. हे व्हायचंच असतं. त्यावर हळद, मलम, अँटिबायोटिकची पूड काही लावू नये. वण उठला नाही तरी पुन्हा टोचायची गरज नसते. हजारात एक ते दहा हजारांत एक इतक्या बाळांच्या डाव्या काखेत गाठ येऊन पिकते. लहान आणि टणक असेल तर नुसती पाहत राहायची. मऊ होऊन पू भरला तर सुईने ओढून काढायचा, चीर द्यायची नाही. चीर दिली की तिथे महिनोन्‌महिने वाहणारी जखम होते, आणि मग ती लसीच्या नावावर खपते.

जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसविरुद्धचे थेंब तोंडावाटे देतात. पाश्चात्त्य देशांत लाखात एक-दोन बाळांत, मुख्यतः पहिल्या डोसनंतरच्या आठवड्यात, आतड्यात आतडं शिरण्याचा प्रकार वाढलेला दिसला. आपल्याकडच्या लसीचा भारतात अभ्यास झाला तेव्हा असा संबंध आढळला नाही. तरीही खूण प्रत्येक घरात ठाऊक असावी: बाळ थांबून थांबून कळवळतं, पाय पोटाशी ओढतं, हिरवट उलट्या होतात, रक्तमिश्रित शेंबडासारखी शी होते. अशा वेळी ग्राइप वॉटर आणि पोटाला हिंग यांत तास घालवू नयेत. मुलांची शस्त्रक्रिया जिथे होते तिथे लगेच गाठावं. वेळेत गेलं तर बहुतेकदा नळीतून हवा किंवा पाणी सोडूनच आतडं सरळ होतं.

आता आजोबांच्या मुख्य सूचनेकडे. दोन वर्षं थांबणं हा वरकरणी मधला मार्ग वाटतो. हा प्रयोग एका अख्ख्या देशाने करून पाहिला आहे. १९७४-७५ च्या हिवाळ्यात जपानमध्ये त्रिगुणी (डीपीटी: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) लशीनंतर २४ तासांच्या आत दोन बाळं दगावली. सरकारने लस थांबवली आणि काही आठवड्यांनी पुन्हा सुरू केली ती दोन वर्षांवरच्या मुलांसाठी. पालकांनीही हात आखडता घेतला, लस घेणाऱ्या बाळांचं प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत घसरलं. १९७४ मध्ये तिथे डांग्या खोकल्याचे ३९३ रुग्ण होते आणि मृत्यू एकही नव्हता. १९७९ मध्ये रुग्ण १३ हजारांवर गेले आणि ४१ मुलं मेली. या घटनेतूनच तिथे १९८१ पासून जंतूंचे निवडक तुकडे घेतलेली, कमी ताप आणणारी लस आली. म्हणजे पालकांची तक्रार ऐकायला हवीच होती. पण लस सुधारेपर्यंत बाळं उघडी टाकण्याची किंमत फार पडली.

कारण साधं आहे. डांग्या खोकला मारतो तो पहिल्या काही महिन्यांत. मोठं मूल खोकून खोकून बेजार होतं, दोन महिन्यांचं बाळ मात्र खोकत नाही, श्वासच थांबवतं. दोन वर्षांनी दिलेली लस ज्या वयासाठी बनली ते वय उलटून गेल्यावर मिळते. हिपॅटायटिस बीचा पहिला डोस जन्मल्यापासून २४ तासांच्या आत द्यायचा, तो यासाठी की आईकडून विषाणू आला असेल तर या वयात लागण झालेली दहापैकी नऊ बाळं आयुष्यभर तो बाळगतात. बीसीजी मोठ्या माणसाच्या फुप्फुसाच्या टीबीपासून फारसं वाचवत नाही, हे मान्यच करायला हवं. ती वाचवते ते तान्ह्या मुलांच्या मेंदूच्या टीबीपासून. सरकारी वेळापत्रकात बीसीजी आणि रोटाव्हायरसचा पहिला डोस एक वर्षानंतर देतच नाहीत. दोन वर्षं थांबणाऱ्याला या दोन लसी मिळणारच नाहीत.

आणि थांबून साइड इफेक्ट तरी कमी होतात का? काही तर वाढतात. अमेरिकेत दुसऱ्या वर्षातल्या मुलांची पाहणी झाली, तेव्हा गोवराची लस १२ ते १५ महिन्यांत घेतलेल्यांपेक्षा १६ ते २३ महिन्यांत घेतलेल्यांत आकडीचा धोका जास्त निघाला. तापात आकडी येण्याचं नैसर्गिक वयच दीड वर्षाच्या आसपासचं आहे. लस उशिरा दिली की तिचा ताप नेमका त्या वयात येतो. आतड्यात आतडं शिरणं हेही लस घेतली-न घेतली तरी चार ते आठ महिन्यांच्या वयात सर्वाधिक होतं. रोटाव्हायरसचा पहिला डोस सहाव्या आठवड्याला ठेवण्यामागे हेही एक कारण आहे.

तुलना करायची ती त्रास आणि शून्य यांची नव्हे, तर लसीचा त्रास आणि रोगाचा त्रास यांची. गोवरात हजारात एकाच्या मेंदूला सूज येते, सधन देशांतही हजारात एक ते तीन मुलं जातात, कुपोषित मुलांत त्याहून बरीच जास्त. घटसर्पात उपचार मिळूनही दहातलं एक दगावू शकतं. पोलिओचा विषाणू साधारण दोनशेंतल्या एकाला पांगळं करतो, तर थेंबांतल्या जिवंत विषाणूने पांगळेपण येण्याचं प्रमाण काही दशलक्ष डोसांमागे एक. आपल्याकडचा वन्य, म्हणजे लसीतून न आलेल्या, पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला. वन्य विषाणू गेला की थेंबांमुळे येणारं असं एकही पांगळेपण सहन करण्याजोगं राहत नाही. म्हणूनच इंजेक्शनची पोलिओ लस जोडली गेली आणि एप्रिल २०१६ मध्ये थेंबांतला टाइप दोन विषाणू काढून टाकला. १९९९ मध्ये अमेरिकेत रोटाव्हायरसची पहिली लस बाजारातून काढली गेली, ती दहा हजारांत एक इतक्या धोक्यावरून. हे हिशेब कोणी करत नाही, असा समज असेल तर तो चुकीचा आहे.

ऑटिझमबद्दल (स्वमग्नतेबद्दल) चार ओळी पुरेत. १९९८ साली लंडनमध्ये गोवराच्या लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा, बारा मुलांवरचा एक लेख छापून आला. तो २०१० मध्ये छापणाऱ्या नियतकालिकानेच मागे घेतला. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या ६,५७,४६१ मुलांची नोंद तपासली गेली. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्यांत फरक निघाला नाही. व्हॉट्सॲपवर मात्र तो लेख अजून जिवंत आहे.

खरा टाळता येणारा धोका लसीत कमी आणि हाताळणीत जास्त असतो, आणि आमच्या मते पालकांनी लक्ष ठेवावं ते इथे. जुलै २०१८ मध्ये सामोआ या बेटांच्या देशात एकाच दिवशी दोन बाळं एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) टोचल्यावर काही मिनिटांत गेली. परिचारिकांनी लसीच्या पुडीत तिच्या सोबतचं पाणी घालायच्या ऐवजी भूल देताना स्नायू शिथिल करणारं, मुदत संपलेलं औषध घातलं होतं. त्यांना शिक्षा झाली. पण सरकारने महिनोन्‌महिने लसीकरणच थांबवलं, लोकांचा विश्वास उडाला, गोवराची लस घेणाऱ्या बाळांचं प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं, आणि २०१९ च्या अखेरीस गोवराची साथ आली. दोन लाख वस्तीच्या त्या देशात ८३ जण मेले, बहुतेक पाच वर्षांखालचे. चूक पाणी मिसळताना झाली होती, लस निर्दोष होती. आणि चुकीपेक्षा थांबण्याने चाळीस पट बळी घेतले.

म्हणून केंद्रावर काय पाहायचं ते सांगतो. बीसीजी आणि गोवर-रुबेला या कोरड्या पुडीच्या लसी. त्यांत ज्या कंपनीची लस त्याच कंपनीचं, थंड केलेलं पाणी मिसळायचं. मिसळल्याची वेळ बाटलीवर लिहिलेली असली पाहिजे. चार तास झाले की बाटली बाद, आत निम्मे डोस शिल्लक असले तरी. या लसींत जंतू मारणारं रसायन नसतं. उन्हाळ्यात दुपारपर्यंत तशीच ठेवली तर आत स्टॅफिलोकोकस हा जंतू वाढतो, त्याचं विष बाळाला काही तासांत उलट्या, जुलाब, तीव्र ताप आणि शॉकमध्ये नेतं. पेंटा, न्यूमोकॉकल, डीपीटी यांच्या उघडलेल्या बाटल्या मात्र नीट थंड ठेवल्या तर २८ दिवस चालतात. त्यावर उघडल्याची तारीख असते. 'शिळी बाटली वापरली' म्हणून भांडण्याआधी ती कोणत्या लसीची हे पाहावं.

बाटलीवर एक गोल आणि त्यात चौकोन छापलेला असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. गोलाइतका किंवा त्याहून गडद झाला तर तिला उष्णता लागली, ती टोचायची नाही. इंदूरच्या मे महिन्यात सगळ्यांचं लक्ष उष्णतेकडे असतं, पण पेंटा, डीपीटी, हिपॅटायटिस बी यांचा खरा वैरी गोठणं हा आहे, आणि हा चौकोन गोठणं दाखवत नाही. लस २ ते ८ अंशांत हवी. फ्रीझरमधून काढलेले आइसपॅक तसेच कॅरिअरमध्ये (लस नेण्याच्या थंड डब्यात) घातले तर शेजारची बाटली गोठते, ॲल्युमिनियमचा जेल फुटतो, कण गोळा होतात. अशी लस संरक्षण देत नाही आणि मांडीत जंतूंशिवायचा पू मात्र करते. आइसपॅक बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मगच कॅरिअरमध्ये घालायचे. लहान खासगी दवाखान्यांत घरगुती फ्रीज असतो. त्याच्या दारात किंवा बर्फाच्या कप्प्याला टेकून ठेवलेली लस दिसली तर बेलाशक दुसरीकडे जावं.

सिरिंजचं पाकीट आपल्यासमोर फुटलं पाहिजे. सरकारी सिरिंज एकदा दाबली की अडकते, पुन्हा भरता येत नाही. तान्ह्या बाळाला पेंटा आणि न्यूमोकॉकल मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला, मधल्या भागात; पेंटा डावीकडे, न्यूमोकॉकल उजवीकडे, प्रत्येकी अर्धा मिलि. ढुंगणावर कोणी टोचायला निघालं तर थांबवावं. तिथे चरबी जास्त म्हणून लस नीट लागत नाही आणि पायाची मोठी नस जवळ असते. पोलिओचं इंजेक्शन मात्र एक दशांश मिलि, दंडाच्या कातडीत. तिथे छोटा फोड उठतो, तो बरोबर आहे.

टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं. हा नियम रिकामा नाही. दहा लाख डोसांमागे साधारण एकाला तीव्र ॲलर्जी येते: अंगावर गांधी उठणं, श्वासाची घरघर, ओठ सुजणं, बाळ गळून जाणं. ती बहुधा याच अर्ध्या तासात येते आणि ॲड्रिनॅलिनने आटोक्यात येते. एक वर्षाखालच्या बाळाला एक हजारात एक या ताकदीच्या ॲड्रिनॅलिनचा ०.०५ मिलि, एक ते सहा वर्षांच्या मुलाला ०.१ मिलि, मांडीच्या स्नायूत. एएनएमना (आरोग्यसेविकांना) ही पहिली मात्रा देण्याचं प्रशिक्षण आहे आणि पेटी त्यांच्या हाताशी असायला हवी. आपल्या शहरात कित्येक खासगी दवाखान्यांत सुई टोचून दोन मिनिटांत 'नेक्स्ट' म्हणतात, बाकावर जागा नसते म्हणून. जागा मागून घ्यावी, नाहीतर जिन्यात बसावं, पण अर्धा तास निघू नये.

घरी आल्यावर सर्वाधिक गोंधळ पॅरासिटामॉलचा. टोचण्याआधी ते देऊ नये. आधीच दिल्याने काही लसींचा प्रतिसाद कमी होतो असं दिसलं आहे. ताप चढला किंवा बाळ दुखण्याने कळवळलं तर वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. साडेचार किलोच्या बाळाला म्हणजे ४५ ते ६५ मिलिग्रॅम. पण दुकानात हे औषध तीन ताकदींत मिळतं. ड्रॉप्समध्ये एका मिलित १००, साध्या सिरपमध्ये पाच मिलित १२० आणि मोठ्या मुलांच्या सिरपमध्ये पाच मिलित २५० मिलिग्रॅम. डॉक्टरांनी साधं सिरप मनात धरून 'ढाई एमएल' सांगितलं आणि घरात ड्रॉप्सची बाटली असली, तर बाळाच्या पोटात २५० मिलिग्रॅम जातं, हव्या त्याच्या चौपट. म्हणून मिलि विचारू नये. मिलिग्रॅम आणि बाटलीचं नाव दोन्ही लिहून घ्यावं. नायमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांना देण्यावर २०११ पासून बंदी आहे, तरी जुनी बाटली कपाटात सापडते. ती फेकून द्यावी.

मांडीवर थंड पाण्यात पिळलेलं फडकं ठेवावं. दोन दिवस त्या पायाची मालिश नको. मालिशवाल्या बाईंना आधीच सांगून ठेवावं, त्या गाठ 'जिरवायला' म्हणून जोर लावतात. अंगावर दूध नेहमीसारखं पाजावं, रोटाव्हायरसच्या थेंबांनंतरही. आकडी आलीच तर कुशीवर वळवायचं, घड्याळ पाहायचं, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ दवडायचा नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

खरोखर कोणी थांबावं, ही यादी लोकांना वाटते त्याहून फार लहान आहे. सर्दी, किरकोळ ताप, साधे जुलाब, दात येणं, चालू असलेली अँटिबायोटिक, कमी वजन, अंड्याची ॲलर्जी यांपैकी कशासाठीही गोवराची किंवा पेंटाची सुई थांबवू नये. मागच्या डोसला तीव्र ॲलर्जी आली असेल तर तीच लस पुन्हा नाही. पेंटानंतर सात दिवसांत मेंदूचा विकार झाला आणि त्याचं दुसरं कारण सापडलं नाही, तर डांग्या खोकल्याचा घटक पुन्हा नाही. रोगप्रतिकारशक्ती जन्मतः नसलेल्या, केमोथेरपी किंवा दोन आठवड्यांहून जास्त काळ मोठ्या मात्रेचं स्टेरॉइड चालू असलेल्या मुलाला जिवंत लसी नाहीत. घरात आधीचं एखादं मूल तान्हेपणी वारंवार जंतुसंसर्गाने गेलं असेल तर बीसीजीच्या आधी हे आवर्जून सांगावं. कोणी विचारत नाही, म्हणून राहून जातं. लांब रडणं मात्र या यादीत येत नाही. आजोबांच्या नातवाने पुढचा डोस दहाव्या आठवड्याला घ्यावा; त्या वेळी सुई पेंटाची एकच असते, बाकीचे थेंब. ज्या बाळाला आकडी आली किंवा जे सैल पडलं होतं, त्याच्यासाठी तुकड्यांची लस, जिला बाजारात 'पेनलेस' म्हणतात, डॉक्टरांशी बोलून घ्यावी. तिचा ताप कमी, पण संरक्षण लवकर ओसरतं आणि खर्च हजारोंत. सरसकट सगळ्यांनी त्यासाठी कर्ज काढायची गरज नाही.

राहिला सगळ्यांत अवघड प्रश्न, लसीनंतर झालेल्या मृत्यूचा. २०२० च्या सरकारी नमुना नोंदणीत मध्य प्रदेशात हजार जन्मांमागे ४३ बाळं वर्षाच्या आत जात होती, त्यांपैकी ३१ पहिल्या महिन्यात. म्हणजे महिन्यापासून वर्षापर्यंत १२. लाख बाळांमागे १२००, दिवसाला साडेतीनच्या वर. पेंटाच्या तीन डोसांचे तीन दिवस धरले तर नुसतं पाणी टोचलं असतं तरी लाखातली दहा-अकरा बाळं डोसनंतरच्या चोवीस तासांत गेली असती. हिशेब ढोबळ आहे, पण 'सकाळी टोचलं, रात्री गेलं' याचा अर्थ आपोआप 'टोचल्याने गेलं' असा होत नाही, एवढं त्यातून कळतं. प्रत्येक मृत्यू मात्र तपासलाच पाहिजे, योगायोग म्हणून मिटवता कामा नये. २०२५ मध्ये छिंदवाड्यात खोकल्याच्या विषारी सिरपने मुलं गेल्यानंतर पालकांनी प्रत्येक बाटलीकडे संशयाने पाहिलं तर त्यांना दोष कसा देणार? फरक इतकाच की लसीची प्रत्येक बॅच कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेतून सुटल्यावरच बाहेर येते.

तपास व्हायचा तर नोंद हवी. गंभीर त्रास झाला, बाळ दवाखान्यात भरती झालं किंवा दगावलं तर आशा किंवा एएनएमला त्याच दिवशी सांगावं. तिथून वैद्यकीय अधिकारी आणि २४ तासांत जिल्हा लसीकरण अधिकारी यांच्यापर्यंत खबर जाते आणि चौकशीचा फॉर्म भरला जातो. वापरलेल्या बाटल्या लगेच फेकत नाहीत, ४८ तासांपर्यंत थंड ठेवतात, त्या याच कामासाठी. मृत्यू झाल्यास शवविच्छेदनाला घरचे नाही म्हणतात. ते समजण्यासारखं आहे, पण त्यावाचून कारण कधीच हाती लागत नाही. लस खासगी दवाखान्यात घेतली असेल तर कार्डावर बाटलीचं स्टिकर किंवा बॅच क्रमांक लिहून घ्यावा. डॉक्टर टाळाटाळ करत असतील तर पालक स्वतः औषध-दुष्परिणामांच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर, १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी हिंदी-इंग्रजीत नोंद देऊ शकतात.

आपले,
मुलांचे डॉक्टर, परिचारिका आणि लससाठा कर्मचारी
इंदूर